डोनर सरोवराकाठी एकटा राहिलेला मुलगा

सॅन फ्रान्सिस्कोकडची आपली मराठी मंडळी हिवाळ्यात बर्फात खेळायला इंटरस्टेट 80 महामार्गाने ताहो सरोवराकडे जातात, तेव्हा ट्रकी गावाअलीकडील डोनर मेमोरियल स्टेट पार्क बहुधा गाडीतूनच मागे टाकतात. आम्ही उन्हाळ्यात मुद्दाम तेथे उतरलो. पाइन वृक्षांमध्ये 1918 चे पायोनियर स्मारक उभे असून, त्याच्या 22 फूट उंच चौथऱ्याएवढे बर्फ 1846-47 च्या हिवाळ्यात साचले होते, असे सांगितले जाते. बहुतेक लोक येथे येतात ते कॅलिफोर्नियाकडे स्थलांतर करताना येथे बर्फात अडकून उपासमारीने नरमांस खाण्याची वेळ आलेल्या डोनर तांड्याच्या ओढीने. मला मात्र त्यांच्या दोन वर्षे आधी याच जागी एकट्याने दिवस काढणाऱ्या मोझेस शॅलेनबर्गरचे अधिक कुतूहल होते.

1844 मध्ये त्याचा कॅलिफोर्नियाला निघालेला तांडा सहा बैलगाड्या येथेच सोडून घाट चढून गेला आणि त्यांच्या राखणीला तिघे मागे राहिले. मोझेस त्यांतला सर्वांत लहान, जेमतेम 17-18 वर्षांचा. त्यांनी ओंडक्यांचे सुमारे 12 बाय 14 फुटांचे खोपटे उभारून त्यावर कातडी आणि फांद्या घातल्या. मग बर्फ थांबेना, शिकार दिसेना आणि जवळच्या दोन रोडावलेल्या गाईंचे मांस पुरण्यासारखे नव्हते. तेव्हा गाड्यांच्या छताच्या लाकडी कमानींना कातड्याच्या वाद्या बांधून बर्फावर चालण्याची पादत्राणे करून तिघेही निघाले. चढावर मोझेसच्या पायांत असे गोळे आले की दोघांना पुढे धाडून तो एकटाच परतला. खोपट्याच्या उंबऱ्यावरून पाय टाकण्याचेही त्राण उरले नव्हते. पाय त्याला हातांनी उचलून आत घ्यावा लागला.

गाडीत सापडलेल्या लोखंडी सापळ्यांनी त्याला वाचवले. प्रथम कायोटी, म्हणजे कोल्ह्यासारखा एक रानटी प्राणी, सापडला. त्याचे मांस उकडून, भाजून, कसेही केले तरी घशाखाली उतरेना. पुढे खोकडे सापडू लागली आणि ती त्याला रुचकर लागली. कायोटी तो अडीअडचणीसाठी टांगून ठेवी. एका पेल्यापुरती कॉफी त्याने नाताळासाठी राखली. भुकेपेक्षा एकटेपण अधिक छळत असावे, असे मला वाटते, कारण मेहुणे डॉ. टाउनसेंड यांच्या पुस्तकांतील इंग्रज कवी बायरनच्या कविता तो शेकोटीच्या उजेडात वाचत बसे, कधी मोठ्यानेही.

फेब्रुवारीच्या अखेरीस मोझेसच्या बहिणीच्या विनंतीवरून तांड्यातलाच डेनिस मार्टिन त्याला शोधत आला. तो कॅनडात राहिलेला असल्यामुळे पादत्राणांतील खोट त्याने चटकन ओळखली: तिघांनी टाचाही घट्ट बांधल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक पावलाला बर्फाचे सारे ओझे उचलावे लागे. मार्टिनने टाच मोकळी ठेवण्याची रीत शिकवली आणि ज्या घाटाने मोझेसला माघारी लोटले होते, तोच घाट तो मार्टिनबरोबर पार करून गेला.