पेटीतल्या बाळासाठी मदत मागताना

‘बाळ काचेच्या पेटीत आहे, खर्च खूप आहे, जमेल तेवढी मदत करा.’ अशा ओळीवर नातेवाईक पैसे पाठवतात. अनोळखी माणूस थबकतो आणि संस्था अर्ज बाजूला ठेवते. बाळ किती आठवड्यांचं आहे, खर्च नेमका कशाचा आणि तो कधीपर्यंत चालणार, हे त्यातून कळतच नाही. ही माहिती देणं अवघड नसतं, पण आधी बिल वाचता यायला हवं.

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. पण ३५ आठवड्यांचं बाळ आणि २७ आठवड्यांचं बाळ यांच्या खर्चाची तुलनाच होऊ शकत नाही. पस्तीस आठवड्यांच्या बाळाला कदाचित फक्त ऊब, दूध आणि काविळीसाठी प्रकाशोपचार लागतील. सत्तावीस आठवड्यांच्या बाळाची फुप्फुसं, आतडी, डोळे, सगळंच अजून घडत असतं. म्हणून अर्जात पहिल्याच ओळीत गर्भाचे आठवडे आणि जन्मवजन लिहा. घरी जायला किती दिवस लागतील याचाही ढोबळ अंदाज त्यावरूनच येतो: गुंतागुंत नसेल तर बरीच बाळं बाळंतपणाच्या मूळ तारखेच्या दोन ते चार आठवडे आधी घरी जातात.

एनआयसीयूचा, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचा खर्च रोज सारखा नसतो. पहिले काही दिवस सगळ्यात महाग. श्वासासाठी व्हेंटिलेटर किंवा सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र), शिरेतून पोषण, रक्ताच्या तपासण्या, मेंदूची सोनोग्राफी, हृदयाचा इको. सर्फॅक्टंट, म्हणजे फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध, लागलं तर ते बाळाच्या वजनावर मोजतात. एका प्रचलित प्रकारात पहिला डोस किलोमागे २०० मिलिग्रॅम असतो. बाळ १४०० ग्रॅमचं असेल तर २८० मिलिग्रॅम. कुपी मात्र २४० किंवा १२० मिलिग्रॅमची येते, म्हणून दोन फोडाव्या लागतात आणि उरलेलं औषध ठेवता येत नाही. बिलावर दोन कुप्या दिसल्या की ‘फसवलं’ असं वाटतं, पण हिशेब हा असा असतो.

पुढे बाळ व्हेंटिलेटरवरून सीपॅपवर, सीपॅपवरून साध्या ऑक्सिजनवर, मग नुसतं वजन वाढवण्यासाठी थांबतं, तसा रोजचा खर्च उतरायला हवा. तो उतरला नसेल तर बिलिंगमध्ये शांतपणे विचारा. नुसतं वजन वाढायचं राहिलं असेल तेव्हा कमी देखभालीच्या, स्वस्त विभागात हलवता येईल का, हेही डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे. श्वास स्थिर नसलेलं बाळ मात्र पैशासाठी हलवू नका. प्रवासात थंडी लागणं आणि नळी सरकणं हे दोन्ही जिवावर बेतू शकतं.

अंदाजपत्रक मागताना एकच आकडा घेऊ नका, दोन घ्या: सगळं सुरळीत गेलं तर किती, आणि जंतुसंसर्ग झाला तर किती. बहुतेक कुटुंबांचं गणित इथेच कोसळतं. तिसऱ्या आठवड्यात संसर्ग होतो किंवा आतड्याला सूज येते, दूध बंद होतं, बाळ पुन्हा शिरेतल्या पोषणावर आणि कधी पुन्हा व्हेंटिलेटरवर जातं. पहिल्या आवाहनात ‘एवढ्यात भागेल’ असं लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यांदा मागताना लोकांना शंका येते. दोन्ही आकडे आधीच दिले असतील तर ती येत नाही.

आता प्रत्यक्ष मजकूर. तो कंटाळवाणा असला तरी चालेल, अचूक हवा. उदाहरणार्थ:

‘बाळ ३० आठवड्यांचं, जन्मवजन १४०० ग्रॅम. आज दहावा दिवस, सीपॅपवर आहे, नळीने दूध सुरू. आतापर्यंतचं बिल इतकं, आम्ही भरले इतके, विम्यातून मंजूर इतके, बाकी इतके. डॉक्टरांच्या अंदाजाने आणखी चार ते सहा आठवडे. मदत थेट रुग्णालयाच्या खात्यात, बाळाच्या नोंदणी क्रमांकावर भरता येईल.’

सोबत डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र, अंदाजपत्रक आणि ताजं अंतरिम बिल. समाजमाध्यमावर टाकताना पत्ता, ओळखपत्राचे क्रमांक आणि नोंदणी क्रमांक झाका, तो देणाऱ्याला वेगळा कळवा. नळ्या लावलेल्या बाळाचा फोटो टाकायची गरज नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. तेच फोटो उचलून दुसऱ्याच खात्यावर पैसे गोळा केले जातात.

नावाचा घोळ फार अर्ज अडकवतो. रुग्णालयात बाळाची नोंद बहुधा आईच्या नावाने असते, अर्जात वडील नवं ठेवलेलं नाव लिहितात आणि कागद जुळत नाहीत. सगळीकडे बिलावरचंच नाव लिहा. जुळी असतील तर दोन बाळांची बिलं आणि अंदाजपत्रकं वेगळी मागा. आईच्या प्रसूतीचं बिलही वेगळं ठेवा. आणि अर्ज डिस्चार्जच्या आधी करा, कारण अनेक संस्था उरलेल्या बिलाला मदत करतात, भरून झालेल्या बिलाची परतफेड करत नाहीत. रुग्णालयात समाजसेवा विभाग असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच तिथे जा, पैसे संपल्यावर नव्हे. विमा असेल तर नवजात बाळाचं नाव किती दिवसांत घालावं लागतं ते त्याच दिवशी पाहा.

खर्च कमी करणाऱ्या दोन गोष्टी घरच्यांच्याच हातात असतात. आईचं दूध: आतड्याच्या त्या सुजेचा धोका त्याने कमी होतो. त्यासाठी दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी दूध काढावं लागतं, म्हणून आईचं जवळपास राहणं, जेवण आणि येण्याजाण्याचा खर्च आवाहनात बिनधास्त धरा. दुसरं कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ते दिवसाला ८ ते २४ तास, शक्य तितक्या लवकर सुरू करावं असं सांगितलं. व्हेंटिलेटरवरच्या बाळासाठी थांबावं लागतं, बाकीच्यांसाठी नर्सला रोज विचारत राहा.

देणाऱ्यांना आठवड्यातून एकदा कळवलं की पुरे. पहिल्या आठवड्यात वजन घटतं आणि जन्मवजनावर परत यायला साधारण दोन आठवडे लागतात. ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘वजन उतरलं’ एवढंच वाचून फोन सुरू होतात.

जमलेले सगळे पैसे डिस्चार्जच्या दिवशी संपवू नका. डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी जन्मानंतर साधारण चौथ्या आठवड्याच्या सुमारास असते. पुढच्या तपासण्या दर एक ते तीन आठवड्यांनी, पडद्यातल्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढेपर्यंत, म्हणजे बऱ्याचदा घरी गेल्यानंतरही चालतात. या रक्तवाहिन्यांच्या वाढीतला दोष वाढलेला निघाला तर लेसर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांतच करावं लागतं, तेव्हा नवं आवाहन करायला वेळ नसतो. शिवाय कानाची तपासणी, औषधं, लसी, वाढीच्या भेटी. हा भाग अंदाजपत्रकात नसतो, तो वेगळा लिहून घ्या आणि आवाहनात ‘डिस्चार्जनंतर’ असा स्वतंत्र आकडा द्या. त्यातूनही पैसे उरले तर ते कुठे गेले, किंवा कोणत्या दुसऱ्या बाळाच्या बिलात भरले, याची पावती देणाऱ्यांना पाठवा.