अखेर काठ थरथरला!

काल रात्री माझ्या लाल-हिरव्या स्क्रीन-प्रिंट पोस्टरचं सातवं प्रूफ (चाचणीची छपाई) काढलं, दोरीला लावलं आणि दारातून मागे वळून पाहिलं. अक्षरं जागच्या जागी हलत होती! लाल पुढे आहे की हिरवा, डोळ्यांना ठरवताच येईना. दोन महिने याचीच वाट पाहत होतो.

दोन्ही रंग भडक असूनही पोस्टर निपचित पडलंय, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. पहिला संशय उजळपणावर होता. सॅन फ्रान्सिस्कोचा पोस्टरकार व्हिक्टर मॉस्कोसो येल विद्यापीठात रंगांचा अभ्यासक जोसेफ आल्बर्सकडे शिकलेला. विरोधी रंग तेवढेच तीव्र आणि तेवढेच उजळ असले की काठ डोळ्यांत नाचतो. एरवी टाळायची ही गोष्ट त्यानं १९६७च्या ‘निऑन रोझ’ मालिकेत मुद्दाम वापरली. मी रंगांच्या पट्ट्यांचे फोनवर कृष्णधवल फोटो काढले. ओल्या असताना दोन्ही सारख्याच करड्या, सुकल्यावर मात्र हिरवी बरीच गडद. मग हिरव्यात पिवळा घातला. पांढरा घालू नका, रंग मरतो. फ्लुरोसंट शाईचाही मोह टाळा, उन्हात लवकर फिकी पडते.

तरीही थरथर नाही.

भिंग लावल्यावर कळलं. मी शिकलो लग्नपत्रिकांच्या छपाईत. तिथे फट दिसू नये म्हणून एक रंग दुसऱ्यावर अर्धा मिलिमीटर चढवायचा, हे हातात बसलेलं. त्या चढावावर लाल-हिरव्याची तपकिरी रेघ उमटत होती. डोळ्याला रेघ मिळाली की सीमा मिळते आणि दोन्ही रंग शांत बसतात. चढाव काढला, तर पावसाळी हवेत कागद ताणला जाऊन पांढरी फट पडायला लागली. तीन प्रूफं त्यातच गेली. रजिस्ट्रेशनच्या (रंग जागेवर जुळवायच्या) खुणा, पिना, कागद आदल्या रात्रीपासून खोलीत उघडा ठेवणं, सगळं करून पाहिलं.

मग वाटलं, जुळवायचंच कशाला? सगळा कागद सपाट हिरवा छापला आणि तो पूर्ण सुकल्यावर वरून अपारदर्शक लाल अक्षरं, स्क्वीजीचे (जाळीतून शाई दाबणाऱ्या रबरी पट्टीचे) दोन हात. ना फट, ना चढाव. स्थानिक दुकानातली महागडी लाल शाई घेतली, पण ती झाकते छान, पैसे वसूल.

पुढचं पोस्टर सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर या संगीत-सभागृहाच्या पोस्टरांच्या वळणाचं, रोमन अक्षरांत करणार होतो. तिथली पोस्टरं करणाऱ्या वेस विल्सननं व्हिएन्नाचा चित्रकार आल्फ्रेड रोलर याची ठोकळ्यांसारखी अक्षरं घेऊन त्यांना ज्वाळांसारखं वितळवलं आणि मधली जागाच संपवली. थांबून, मान वाकडी करून वाचावं लागतं. ज्याला त्या नाचगाण्याची ओढ आहे तो थांबतोच, आणि सॅन फ्रान्सिस्कोत लोक ही पोस्टरं खांबांवरून काढून घरी न्यायचे. पण हे लिहिताना सुचतंय, देवनागरीतच का नको? शिरोरेषा सरळ ठेवली तर ज्वाळा कापली जाईल. तीच वाकवून ज्वाळेची बाहेरची कड केली तर? अक्षरं तिला आतून लोंबतील, काने-वेलांट्या फटी भरतील. ‘ळ’ तर त्यासाठीच जन्मलाय. आज रात्री ट्रेसिंगवर काढून बघतो.