तुम्ही विचारलंत म्हणून: मीटर गप्प आहे, मग जागा साफ ना?

अमेरिकेतल्या एखाद्या जुन्या युरेनियम मिलची (खनिज दळून युरेनियम काढणाऱ्या कारखान्याची) जागा साफ झाली की हा प्रश्न ठरलेला: "किरणोत्सार मोजणारा गायगर मीटर घेऊन सगळीकडे फिरलो, आकडा हलला नाही. आता कसली भीती?" भीती घालणं हा माझा उद्योग नाही. मिलच्या टाकाऊ रेतीच्या, दगडांनी झाकलेल्या त्या ढिगावर दोन तास उभं राहून कुणाचं काही बिघडत नाही. हे मी दरवेळी आधीच सांगतो, आणि लोक तेवढंच ऐकून निघून जातात.

राहिलेलं आता लिहूनच टाकतो. तुमचा मीटर मुख्यतः गॅमा किरण पकडतो, आणि गॅमा जाड, दाबलेल्या मातीखाली बराचसा अडतो. म्हणजे मीटर गप्प असेल तर झाकण जागेवर आहे एवढंच कळतं. खाली जे होतं ते आहेच. मिलने युरेनियम काढून नेलं तरी खनिजातली सुमारे 85 टक्के किरणोत्सारिता टाकाऊ रेतीत राहते. त्यातल्या रेडियमचं अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) 1600 वर्षं, पण त्याला जन्म देणाऱ्या थोरियम-230 चं सुमारे 75 हजार. उलट झाकणाकडून नियमाची अपेक्षा जमेल तिथे 1000 वर्षांची, निदान 200 ची. साफ करणं म्हणजे हलवणं आणि झाकणं. नष्ट काहीच होत नाही. हे बोललं की मी निराशावादी ठरतो. बरं, ठरतो.

कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनचं उदाहरण मी पुन्हापुन्हा देतो, कारण गॅमा आणि रेडॉन (रेडियमपासून बनणारा किरणोत्सारी वायू) यांतला फरक याहून स्पष्ट कुठे दिसत नाही. 1950 आणि 60 च्या दशकांत तिथल्या मिलची रेती लोकांना सहज मिळायची. बारीक, एकसारखी, बांधकामाला उत्तम. ती फरशीखाली भरली गेली, पायाभोवती ओतली गेली, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांभोवती पसरली गेली. उघड्यावर त्या रेतीतून निघालेला रेडॉन वारा पांगवतो. घरात तसं होत नाही. घर गरम केलं की हवा वर चढते, तळाशी दाब किंचित कमी होतो, आणि रेतीतली हवा फरशीच्या भेगांतून, नळ आत येतात तिथल्या फटींतून ओढली जाते. रेडॉनचं अर्धायुष्य 3.8 दिवसांचं, तेवढा वेळ त्याला आत यायला पुरतो. पुढे त्याच्या विघटनातून बनलेले पोलोनियमचे अणू धुळीला चिकटतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात बसतात. दोन घरांत गॅमा सारखाच आणि रेडॉन कितीतरी वेगळा, हे अगदी शक्य आहे. फरक फक्त भेगांचा आणि हवेच्या ओढीचा. अखेर 1972 मध्ये त्यासाठी संघीय कायदा करावा लागला. जुन्या मिलच्या सफाईसाठीच्या 1978 च्या कायद्यानंतरच्या मोहिमेत शहरातल्या 4,000 हून अधिक मालमत्तांमधून रेती काढली. फरशा फोडल्या, पायाशी खणलं. तरीही रस्त्यांखालच्या नळांभोवतीची काही रेती नियमातून सवलत देऊन तशीच ठेवली. रस्ता खोदला की ती अजून निघते, आणि ती टाकायला शहराबाहेरच्या चेनी इथल्या साठवण ढिगाचा एक भाग उघडा ठेवला आहे. "साफ झालेलं शहर" म्हणतात ते हे.

मग मोजायचं कसं? घरात रेडॉनसाठी अल्फा-ट्रॅक डिटेक्टर (अल्फा कणांचे ठसे प्लास्टिकवर नोंदवणारं छोटं उपकरण), वापरातल्या सर्वांत खालच्या खोलीत, फरशीपासून निदान अर्धा मीटर वर, खिडकी आणि वाऱ्याच्या झोतापासून दूर, किमान 90 दिवस. दोन दिवसांच्या चाचणी-डबीवर निकाल देऊ नका. हवामान पालटलं की आकडा पालटतो.

मातीचा नमुना असेल तर आधी वाळवा, हवाबंद डब्यात भरा आणि तीन आठवडे हात लावू नका. गॅमा वर्णपटात रेडियमची स्वतःची 186 केईव्ही ऊर्जेची रेषा युरेनियम-235 च्या रेषेत मिसळते, म्हणून आपण बिस्मथ-214 ची 609 ची रेषा वाचतो. बिस्मथ विघटनाच्या साखळीत रेडॉननंतर येतं. रेडॉन निसटलेला नमुना लगेच मोजलात तर रेडियम कमी दिसणार आणि तुम्ही खूश होणार. मातीतल्या रेडियमची नियमातली मर्यादा अशी: वरच्या 15 सेंटिमीटरमध्ये नैसर्गिक पातळीपेक्षा 5 पिकोक्युरी (किरणोत्सारितेचं एकक) प्रति ग्रॅम जास्त, त्याखालच्या प्रत्येक 15 सेंटिमीटरच्या थरात 15. पण सरासरी 100 चौरस मीटरची. एखादं ढेकूळ खूप वर असलं तरी कागद बरोबरच असतो.

पाण्याचं थोडक्यात: झाकण भूजल शुद्ध करत नाही. काही ठिकाणी ते आपोआप निवळायला नियम 100 वर्षांपर्यंत मुभा देतो. तोवर तिथल्या विहिरीचं पाणी पिऊ नका, जनावरांनाही पाजू नका.

झाकणावर उगवलेल्या झुडपांबद्दल मात्र माझं स्वतःशीच भांडण आहे. पूर्वी मी बिनदिक्कत सांगायचो, उपटा. रेडॉनला खरं अडवतो तो चिकणमातीतला ओलावा, कारण पाण्यातून त्याचं पसरणं हवेच्या मानाने हजारो पट मंद. मुळं तो ओलावा पितात, माती वाळते, भेगा पडतात. पण तीच मुळं पावसाचं पाणी रेतीपर्यंत झिरपण्याआधी वर खेचतात; युटातल्या मॉन्टिसेलोचं झाकण याच विचाराने बांधलंय. रेडॉन अडवायचा की झिरपा? कोरड्या जागी, जवळ वस्ती नसेल, तर मी आता झुडपं राहू देण्याकडे झुकतो. जवळ घरं असतील तर अजून उपटाच म्हणतो, आणि मग पावसाळी वर्षी विहिरींचे आकडे बघून पुन्हा विचारात पडतो.