आषाढात आंबा घाट, पौषात राधानगरी

“वडिलांच्या तिथीला माणसं घरी थांबतात. तुम्ही नवरा-बायको गाडी काढून घाटात कशाला जाता?”

जावा विचारतात, ऑफिसात विचारतात. काहीजण तर “तिथं गेल्यावर मन शांत होत असेल, नाही का?” असं स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा बैजवार सांगते.

आधी एक सांगून टाकते, उगाच गैरसमज नको. श्राद्धपक्ष आमच्यात होतं. भाद्रपदात थोरल्या दिरांकडं म्हाळ असतो. गच्चीवर घास ठेवतात, कावळा आला नाही की दीर “आबांना वडी कमी पडली असणार” म्हणून स्वयंपाकघराकडं बघतात, आणि जाऊबाई त्यांच्याकडं बघतात. त्यात आम्ही दोघंही असतो. पण तिथीच्या दिवशी नाही. माझे वडील, अण्णा, आषाढ वद्यात गेले. सासरे, आबा, पौषात. आषाढात आम्ही आंबा घाटात असतो आणि पौषात राधानगरी धरणाच्या रस्त्याला.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. कोल्हापूर-रत्नागिरी ही त्यांची आवडती फेरी. मलकापूर, आंबा, मग घाट उतरून साखरपा. रत्नागिरीला मुक्काम आणि सकाळी परत. जाताना कुणा ओळखीच्यासाठी गुळाचा रवा (ढेप), येताना कुळथाचं पीठ, मे महिन्यात फणस. ते घरी असायचे म्हणजे झोपलेले असायचे. आमच्या घरात दुपारी रेडिओ लागला नाही, भांडं आपटलं नाही, की भावंडांचं भांडण झालं नाही. भांडणं आम्ही बोळात जाऊन करायचो. अण्णा रागीट नव्हते, आई म्हणायची, “झोपू द्या, माणसं बसत्यात त्यांच्या मागं.” त्यामुळं माझ्या लहानपणातले अण्णा म्हणजे भिंतीकडं तोंड केलेली एक पाठ आणि खुंटीवरची खाकी, तिला डिझेलचा वास.

बोलणारे अण्णा मला सुट्टीत भेटायचे. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना पास मिळायचा, त्यावर आम्ही रत्नागिरीला जायचो. जागा त्यांना बघता येईल अशी, पुढची. आंबा गाव मागं पडलं की अण्णांना कंठ फुटायचा. बोलणं आमच्याशी कमीच, जास्त रस्त्याशी. समोरून चढणाऱ्या ट्रकला, “ये, ये, दमानं ये.” वळणावर हॉर्न न देता अंगावर आलेल्या जीपवाल्याला जे म्हणायचे ते इथं लिहिता येणार नाही. घरात ज्या माणसाच्या तोंडून “जेवलीस का” यापलीकडं शब्द निघत नव्हता, तो माणूस चक्री वळणावर स्टेअरिंगला जवळजवळ गळामिठी मारून बोलत असायचा. तेव्हा पॉवर स्टेअरिंग कुठलं! खांद्यानं गाडी वळवायची.

पुढं लग्न झाल्यावर आम्ही जुनी मारुती घेतली आणि मला चालवायला शिकवलं ते अण्णांनीच, निवृत्तीनंतर. मैदानावर शिकवणं त्यांना मान्यच नव्हतं. “मैदानात काय कुणीबी हाणतंय,” म्हणून एका रविवारी थेट आंबा. माथ्यावर चहा घेतला आणि म्हणाले, “उतार दिसला म्हणून मोकळी सोडू नको. ज्या गेरात चढतीस, त्याच गेरात उतर. ब्रेक थांबायला असतोय. उतरायला इंजिन असतंय.”

घाटाचं निम्मं शास्त्र यात आलं. उतारावर सारखा ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेकचे लायनर तापतात, आणि तापले की धरत नाहीत. करपल्यासारखा एक उग्र वास येतो. हल्ली दर रविवारी कोकणात उतरणाऱ्या गाड्यांच्या मागं तो वास हमखास असतो. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ठेवली तर इंजिनच तिला मागं ओढून धरतं, ब्रेक गार राहतो. न्यूट्रल करून उतरणाऱ्यांबद्दल अण्णांचं मत जीपवाल्याबद्दल होतं तेच. आणि दुसरा नियम, अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट. कायद्यातही तसंच आहे. कारण साधं आहे: भरलेली गाडी चढावर थांबली की परत उचलताना तिचा जीव जातो. उतरणाऱ्याचं काय, पाय उचलला की निघाला.

तर आषाढात आम्ही जातो तेव्हा गाडी मी चालवते. धुकं असतं, वायपर पुरत नाहीत, डाव्या बाजूनं डोंगराचं पाणी रस्त्यावर येतं. चक्री वळणाच्या अलीकडं हात आपसूक गिअरवर जातो, तिसऱ्यातून दुसरा पडतो, अंगठा हॉर्नवर. ठरवून करत नाही मी. नवरा शेजारून म्हणतो, “आले अण्णा.” फोटोपुढं उदबत्ती लावताना मला अण्णांचं काहीसुद्धा आठवत नाही, हे खरं सांगते. तो फोटो ओळखपत्रासाठी काढलेला आहे. त्यातला माणूस कॅमेऱ्याला घाबरलेला आहे.

मन शांत होतं का, तर नाही. घाटात मन शांत करून कसं चालेल? पुढच्या वळणाआड काय आहे ते कळत नसतं. डोळे, कान, पाय सगळं कामाला लागलेलं असतं आणि अण्णा त्या कामातच कुठंतरी असतात.

आणखी एक काम आम्ही करतो. दगड उचलतो.

चढावर ट्रक बंद पडला की क्लीनर मागच्या चाकाखाली दगड लावतो. ट्रक दुरुस्त होतो, निघून जातो, आणि दगड तिथंच राहतो, रस्त्याच्या मधोमध. धुक्यात रात्री मोटारसायकलवाल्याला तो दिसतच नाही. अण्णांचा यावर भारी संताप. असा दगड दिसला की पुढं सरळ जागा बघून गाडी कडेला घ्यायचे, हातब्रेक ओढायचे, आणि कंडक्टर उतरून दगड ढकलून यायचा. प्रवासी कुरकुरायचे. “उशीर व्हतोय व्हय? मग पोचायचंच न्हाई का?” एवढंच उत्तर. त्यांना विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला होता, तो आईच्या ट्रंकेत आहे. पण मला तो बिल्ला बघून अण्णा आठवत नाहीत; रस्त्यात डोक्याएवढा काळा दगड दिसला की आठवतात. आता कंडक्टरच्या जागी नवरा आहे. चारी दिवे चालू करून गाडी कडेला लावायची, त्यानं छत्री मिटून पावसात उतरायचं, मागंपुढं बघून दगड गटारीच्या पलीकडं लोटायचा. गेल्या वेळी चिखलानं भरून आत बसला आणि म्हणाला, “लोकांचं श्राद्ध भटजी करत्यात. तुझ्या बापाचं हमालानं करायचं.” पुढच्या दगडाला मात्र न सांगता उतरला.

आबांची गोष्ट वेगळी. त्यांची शेती प्रयाग चिखलीकडं, जिथं कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती मिळून पंचगंगा होते. (पाचवी सरस्वती, ती गुप्त.) अण्णांसाठी डोंगर म्हणजे रस्ता होता. आबांसाठी डोंगर म्हणजे पाणी, आणि ते पाणी घरी चालत यायचं, तेव्हा डोंगरात जायची गरजच काय, असा त्यांचा हिशोब. जूनमध्ये सकाळी बांधावर उभं राहून पश्चिमेकडं बघायचे. “गगनबावडा भरलाय,” म्हणाले की दुपारपर्यंत नदीकाठची पाण्याची मोटर वर आणून ठेवलेली असायची. शेजारी हसायचे आणि तिसऱ्या दिवशी आपली मोटर पाण्यात शोधायचे. राधानगरीची सात स्वयंचलित दारं त्यांना घरातल्या माणसांसारखी पाठ होती. पाणी ठरावीक पातळीला आलं की ती दारं आपोआप उघडतात, माणूस लागत नाही. “एक दार म्हणजे १४२८ क्युसेक,” हे नातवंडांना पाढ्यासारखं म्हणायला लावायचे. मग पंचगंगेची पातळी जिथं मोजतात त्या राजाराम बंधाऱ्याचे आकडे, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पोरांना तेराचा पाढा येत नव्हता, पण हे यायचं.

पौषात राधानगरीला पूर नसतो. दारं बंद, पाणी निळंभोर आणि भरपूर. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, एकामागून एक, ओव्हरटेक करायला जागा नाही. इथं गाडी नवरा चालवतो, कारण ट्रॉलीमागं दमानं जायचं काम त्याचं. माझा जीव वर येतो. भोगावती कधी उजवीकडं, कधी डावीकडं. तो घरी आबांबद्दल चकार शब्द काढत नाही. शेवटच्या वर्षांत बापलेकांचं फार जमत नव्हतं. शेताच्या एका तुकड्यावरून होतं, त्यात आता पडत नाही. पण या रस्त्यावर पूल आला की त्याला बोलावंसं वाटतं. आबा होळीला ट्रॉलीभर शेणी, म्हणजे गोवऱ्या, पंचगंगेच्या स्मशानात दहनासाठी देऊन यायचे, कोल्हापुरात ती रीतच आहे, आणि हा लहानपणी त्या ट्रॉलीत शेणींवर बसून जायचा. ही गोष्ट मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एका पुलावर कळली. धरणावर पोचलं की तो पाण्याकडं बघून मोठ्यानं म्हणतो, “किती फूट हाय बघा.” मी उत्तर देत नाही, प्रश्न मला नसतो. मग दाजीपूरच्या अलीकडं कुठंतरी भाकरीचं फडकं सोडून जेवतो आणि अंधारायच्या आत मागं फिरतो, कारण संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात.

दोघं वडील एकदाच एकत्र घाटात गेले होते. आमच्या लग्नानंतर सगळे मिळून गणपतीपुळ्याला निघालो, एसटीनं, आणि त्या गाडीवर अण्णाच होते. आबांनी रुबाबात फेटा बांधलेला, व्याह्यांची गाडी म्हणून पुढची सीट मागून घेतलेली. आंबा घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणाला फेटा उतरला. पुढचं वर्णन करत नाही. अण्णांनी गाडी थांबवली, मागं न बघता खाकीच्या खिशातून लिंबू काढून दिलं आणि म्हणाले, “पाव्हणं, बाहेर बघा. लांब बघा.” पुळ्याला उतरल्यावर आबा मला म्हणाले, “तुझा बाप द्येवमाणूस हाय. पण त्याची गाडी नगं.” परत येताना ते ट्रकनं आले असते, पण आषाढी तोंडावर, शेतात काम, आले मुकाट, लिंबू नाकाला लावून. त्यानंतर जन्मभर दोघांची चेष्टा चालली. अण्णा भेटायला गेले की आबा अंगणातूनच हात जोडायचे, “चालत आलाय न्हवं?”

२०२१ च्या जुलैत आंबा घाटाचा रस्ता खचला, इकडं कोल्हापूरला पुराचा वेढा. त्या वर्षी तिथी घरी केली. शिरा केला, फोटोला हार घातला, सगळं रीतसर. दिवसभर मी चिडचिड करत होते आणि संध्याकाळी नवरा म्हणाला, “चल, निदान फुलेवाडीपर्यंत तरी जाऊन पाणी बघून येऊ.” गेलो. पाणी बघून आबांची आठवण निघाली, ती उशिरापर्यंत. म्हणजे आषाढातली तिथी अण्णांची आणि दिवस नेला आबांनी.

गेल्या वर्षी आत्या म्हणाली, मलाबी न्या. अण्णांची धाकटी बहीण, सत्तरी उलटलेली. मला काळजी, हिला घाट सोसेल का. आंब्याला चहा घेताना मी तिला लिंबू दिलं तर ती हसायलाच लागली.

“तुझ्या बापाच्या खिशात असायचं तसलं.”

“प्रवाशांसाठी ठेवायचे ते,” मी म्हटलं.

“कुठलं प्रवाशांसाठी! लहानपणी ज्योतिबाला जायचं म्हटलं तरी दादा गाडीत ओकायचा. आई फडकी घेऊन बसायची. मग एकदा मामाच्या ट्रकात चाक धरायला मिळालं त्याला, आन् त्या दिवशी काय झालं न्हाई. तवाच म्हणाला, आता मी ड्रायव्हरच होणार, चाक हातात असलं की पोटात ढवळत न्हाई.”

हे खरं आहे. वळण कधी येणार ते चालवणाऱ्याला आधी कळतं, अंग तयार असतं, म्हणून त्याला सहसा गाडी लागत नाही. मागं बसलेल्याचे डोळे सीटकडं असतात आणि कानाला मात्र गाडी वळलेली कळते, मग पोट गोंधळतं. “लांब बघा” हे अण्णांना ठाऊक होतं ते असं. आबांची एवढी चेष्टा जन्मभर केली आणि हे एकदाही सांगितलं नाही! घाट उतरेपर्यंत मी आणि नवरा आळीपाळीनं हसत होतो. आत्याला हे माहीत असून इतकी वर्षं बोलली का नाही, असं विचारलं तर म्हणाली, “घरात कुणी इचारलं कधी?”

आता पुढची सीट आत्याची. नवरा मागं बसतो, रस्त्यावर दगड दिसला की सगळ्यांत आधी आत्याच ओरडते, आणि साखरप्याला उतरल्यावर भजी तिच्या पैशानं.