पडदा भरून येत होता, तरी खरवडावा लागला

सोयाबीनची गंजी मोडायला घेतली त्या दिवशी वारा नेमका आमच्या तोंडावर येत होता. मळणी यंत्रातून भुस्कटाचा लोट उठत होता आणि मी पोतं धरून उभा होतो. उजव्या डोळ्यात काहीतरी खच्चकन लागलं. चोळला, तांब्याभर पाण्यानं धुतला, तरी खुपत राहिलं. रानातल्या एका आज्जीनं पापणी उलटून जिभेनं कुसपट काढून दिलं. "निघालं बघा गुरुजी," म्हणाली. आमच्या औसा तालुक्यात ही रीत जुनी आहे आणि आज्जीच्या मनात माया सोडून दुसरं काही नव्हतं. पण कुसपटानं पाडलेल्या ओरखड्यात जिभेवरचे जंतू जातात, हे मी तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवूनही त्या क्षणी विसरलो.

रात्री डोळ्यातून धारा लागल्या, दिव्याकडे बघवेना. घरात बायकोच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली थेंबांची बाटली होती. डोळ्याचंच औषध आहे म्हणून तेच घातलं. दोन दिवसांत लाली उतरली, दुखणंही कमी झालं. मला वाटलं, भागलं.

सहाव्या दिवशी पोरानं मोबाईलची बॅटरी मारून बघितलं. "बाबा, काळ्यावर फूल पडल्यासारखं दिसलालंय," म्हणाला. दुपारच्या एस.टी.नं लातूर गाठलं.

डॉक्टरबाईंनी आधी एक नारंगी कागदाची पट्टी पापणीला टेकवली आणि निळा उजेड टाकला. जिथं वरची कातडी निघाली होती तेवढाच भाग हिरवा चमकतो, असं त्या म्हणाल्या. मग बधिर करणारे थेंब घालून जखमेच्या कडेवरून पात्यानं हलकेच खरवडलं आणि ते काचपट्टीवर घेतलं. मी मास्तर आहे म्हटल्यावर त्यांनी सूक्ष्मदर्शकातून मलाही बघू दिलं. सुताचे तुटके धागे पसरावेत तशा फांद्या दिसल्या. बुरशी होती. शेतातल्या काडीकचऱ्याबरोबर डोळ्यात जाते ती.

उरलेल्या थेंबांची बाटली मी खिशातून काढून दाखवली. तीत प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड होतं. ऑपरेशननंतरची सूज उतरवायला ते बरोबर. बुरशी असताना मात्र ते शरीराची राखणच झोपवतं. लाली उतरते, माणूस निर्धास्त होतो आणि बुरशी आत पसरत जाते. शिवाय एकदा उघडलेली बाटली महिन्याभरात फेकायची असते. आमची तर त्याहून जुनी. एवढं ऐकून मला स्वतःचा नाही, गावातल्या लोकांचा विचार आला. अशा अर्ध्या बाटल्या किती घरांच्या देवळीत असतील!

नॅटामायसिनचे, म्हणजे बुरशी मारणारे, थेंब सुरू झाले. पहिले दोन दिवस रात्रंदिवस दर तासाला. सुनेनं मोबाईलला गजर लावले होते. रात्री दोन वाजता उठायची, बाटली खळाखळा हलवायची, कारण औषध तळाशी बसतं, आणि म्हणायची, "मामा, वर बघा." सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरा चिकट साका जमलेला असायचा. मला तो पू वाटून घाबरायला झालं, पण तो औषधाचाच होता.

सगळ्यात अवघड गोष्ट पुढंच होती. बुबुळावरचा हा पारदर्शक पडदा, कॉर्निया, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. त्याचं सगळ्यात वरचं अस्तर झपाट्यानं वाढतं. एरवीही ते आठ-दहा दिवसांत नवं होत असतं. बुबुळाच्या कडेला, काळं आणि पांढरं जिथं मिळतं तिथं, मूळ पेशी असतात. तिथून नव्या पेशी आत सरकत येतात. माझंही अस्तर कडेकडून भरत होतं. पण ते भरलं की औषध खालच्या बुरशीपर्यंत पोचत नाही. म्हणून डॉक्टरबाई दर दोन-तीन दिवसांनी नव्यानं आलेली कातडी पुन्हा खरवडायच्या. शरीरानं रात्रंदिवस राबून सांधावं आणि ते आपण काढून टाकावं! मला फार वाईट वाटायचं. एकदा बोलूनही दाखवलं, तर म्हणाल्या, "गुरुजी, ते परत येणार आहे. आत राहिलेली बुरशी मात्र आपणहून जाणार नाही."

तरुणाचा साधा ओरखडा दोन-तीन दिवसांत भरतो. माझं वय ६३, त्यात साखर. वयानं डोळ्यातलं पाणी कमी होतं, कडेच्या मूळ पेशींचा जोर ओसरतो. मधुमेहात कॉर्नियाच्या नसा अधू होतात. नसा पेशींना पोसतही असतात, म्हणून जखम रेंगाळते. या पडद्याला रक्तवाहिन्या नाहीत, नाहीतर तो आरपार दिसलाच नसता. हवेतला प्राणवायू त्याला पाण्याच्या थरातून मिळतो आणि पोषण आतल्या द्रवातून. ही व्यवस्था समजल्यापासून मी साखरेची गोळी एकदाही चुकवली नाही.

तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या डागाच्या कडा बोथट झाल्या, खरवडणं थांबलं, थेंब दोन तासांवर आले. दुसरा महिना संपता संपता निळ्या उजेडात हिरवं काहीच चमकेना. डाग मात्र राहिला. वरचं अस्तर नवं होतं. खालच्या थरातले तंतू कवायतीच्या रांगेसारखे नेमके मांडलेले असतात आणि जखम भरताना ती रांग पुन्हा तशी लागत नाही. माझं नशीब की डाग बाहुलीच्या बाजूला आहे. वाचता येतं.

परवा माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तयारी म्हणून कॉर्नियाच्या आतल्या थराच्या पेशी मोजल्या. यंत्राच्या पडद्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोन दिसले. या पेशी पडद्यातलं जादा पाणी सतत बाहेर काढतात, म्हणून तो काचेसारखा राहतो. मोठ्या माणसाच्या डोळ्यात त्या पुन्हा वाढत नाहीत. वर्षाला अर्ध्या टक्क्याहून थोड्या जास्त कमी होतात आणि उरलेल्या पसरून जागा भरतात. फारच कमी उरल्या, चौरस मिलिमीटरला पाचशेच्या आसपास, की पडदा सुजून दुधाळ होतो. माझ्या उजव्या डोळ्यात २१४० निघाल्या, डाव्यात २३८०. ऑपरेशनला पुरेशा आहेत, असं डॉक्टरबाई म्हणाल्या आणि तो कागद फाईलला लावला.

ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय. त्याआधी यंदाची मळणी आहे. बाजारातून सगळ्यांना बाजूनं झाकलेले चष्मे आणलेत, त्यात आज्जीलाही एक. पहिल्यांदा लावला तर म्हणाली, "हे घालून वाळलेलं दिसत नाही रे." मी काच धोतराच्या सोग्यानं पुसून परत तिच्या नाकावर ठेवला.