तीन टक्के आणि नवं-जुनं

यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या खेड्यात मी अर्थशास्त्र शिकवतो, तिथे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचे नाव पाठ्यपुस्तकात अग्रणी बँक योजनेपुरते एका ओळीत येते. परीक्षेला तेवढे पुरते; मला मात्र पुरत नाही.

नागपुरात वाढलेल्या गाडगीळांनी केंब्रिजहून परतल्यावर १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी केली. पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि नियोजन मंडळाचे उपाध्यक्षही झाले. रिझर्व्ह बँकेत त्यांनी नोकरी केली नाही, पण बँकेने १९५१ मध्ये हाती घेतलेल्या ग्रामीण पतपाहणीच्या गोरवाला समितीत ते सदस्य होते, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोलाचे काम तेच. या पाहणीने केवळ बँकांच्या खतावण्या न चाळता ७५ जिल्ह्यांतल्या ६०० गावांत सुमारे १ लाख २७ हजार कुटुंबांकडे जाऊन कर्ज कोणाकडून घेतले हे विचारले. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के आणि सावकारांचा सत्तरच्या आसपास निघाला. जिल्ह्यागणिक एका बँकेवर पतपुरवठ्याची धुरा सोपवण्याचा, म्हणजेच अग्रणी बँक योजनेमागचा, विचार गाडगीळांच्या अभ्यासगटाने १९६९ मध्ये मांडला, तो या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो.

गेल्या एप्रिलमध्ये मी वर्गाला पाहणीतलाच प्रश्न, कर्ज कोणाकडून घेतले, घरी विचारून यायला सांगितले. मागच्या बाकावरच्या एका मुलाच्या वडिलांचे पीककर्ज मार्चअखेर पूर्ण फेडलेले होते. पासबुकावर तशी नोंदही होती. मी कौतुक केले तर तो म्हणाला, "फेडलं कुठं सर, नवं-जुनं केलं." म्हणजे खते-बियाणे विकणाऱ्या कृषी केंद्रवाल्याकडून चार दिवसांसाठी पैसे उचलले, बँकेत भरले, नवे कर्ज मंजूर होताच त्याचे त्याला व्याजासह परत केले. बँकेच्या दफ्तरी ही वसुलीही खरी आणि वाटपही खरे. (चार दिवसांचे व्याज त्याने सांगितले तेव्हा वर्ग हसला नाही, बहुतेकांना तो दर ठाऊक होता.)

त्या मुलाने वहीत दोन रकाने आखले होते, बँक आणि सोसायटी, म्हणजे गावची सहकारी पतसंस्था. कृषी केंद्र कुठे लिहायचे, असे त्याने विचारले. मी तिसरा रकाना आखून दिला.