आधी साय की आधी जॅम: निवाडा खडकांकडे

स्कोनवर, म्हणजे चहासोबतच्या छोट्या भाजलेल्या पावावर, आधी काय लावायचं यावरून इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन शेजाऱ्यांची हुज्जत काही संपत नाही. डेव्हनमध्ये आधी क्लॉटेड क्रीम, म्हणजे तिकडची जाड साय, आणि वर जॅम. कॉर्नवॉलमध्ये नेमकं उलट. हा वाद भूशास्त्राकडे न्यायला हरकत नाही, कारण यातल्या एका पक्षाचं नाव पृथ्वीच्या इतिहासातल्या सबंध कालखंडालाच मिळालेलं आहे. सेजविक आणि मर्चिसन या भूशास्त्रज्ञांच्या जोडीने १८३९ मध्ये डेव्हनवरून ‘डेव्होनियन’ हे नाव दिलं. सुमारे ४१.९ ते ३५.९ कोटी वर्षांपूर्वीचा हा काळ म्हणजे माशांचं युग.

खडकांच्या थरांबद्दल निकोलस स्टेनो या शास्त्रज्ञाने १६६९ मध्ये मांडलेला नियम साधा आहे: उलथापालथ झालेली नसेल, तर खालचा थर जुना. म्हणजे डेव्हनच्या स्कोनवर साय पुरातन आणि जॅम कालपरवाचा.

आता गंमत बघा. डेव्हनचे लाल कडे पाहून लोकांना वाटतं, हेच ते डेव्होनियन. पण डॉलिशचे प्रसिद्ध लाल कडे पर्मियन काळातले आहेत, म्हणजे डेव्होनियन संपल्यावर निदान सहा कोटी वर्षांनंतरचे. टॉर्बे परिसरात तर हा लाल खडक करड्या डेव्होनियन चुनखडीवर जाऊन बसलेला दिसतो. मधला कार्बनी काळ तिथे गायब, कुणीतरी लोणी चाटून गेल्यासारखा. खाली फिकं, वर लाल: डेव्हनची जमीनच डेव्हनच्या बाजूने साक्ष देते.

कॉर्नवॉलवाल्यांनी हिरमुसायचं कारण नाही. त्यांच्या पायाखालीही बराचसा खडक डेव्होनियनच आहे (हे त्यांना चहाच्या वेळी सांगू नये). त्यात साधारण २९ ते २७ कोटी वर्षांपूर्वी खालून ग्रॅनाइट घुसला. त्यातलं फेल्डस्पार हे खनिज कुजून चिनी माती झाली आणि ती खणताना निघालेल्या गाळसाळीचे पांढरे डोंगर सेंट ऑस्टेलभोवती उभे राहिले. पांढरं सगळ्यात वर, आणि माणसाने रचलेलं म्हणून सगळ्यात नवं. स्टेनोचा नियमही शाबूत.

पण थर शाबूत राहायचे तर खालचा पाया नीट हवा. २२५ ग्रॅम मैदा, ३ छोटे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि ५५ ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी रवाळ होईपर्यंत चोळा. २५ ग्रॅम साखर घाला आणि लागेल तसं, फार तर १५० मिली दूध घालून सुरीनेच गोळा जमवा. मळत बसलात तर ग्लुटेन तयार होऊन स्कोन चिवट होतो. अडीच सेंटिमीटर जाड थापा आणि ५ सेंटिमीटरच्या साच्याने सरळ खाली दाबून कापा. साचा पिळला की कडा चिकटून बंद होते आणि स्कोन एका अंगाला कलंडत फुगतो. वरून दूध लावताना ते बाजूने ओघळू देऊ नका, त्यानेही कड धरली जाते. २२० अंशांवर १२ ते १५ मिनिटं.

साय हे खरं सबुरीचं काम. ४८ टक्के स्निग्धांशाचं डबल क्रीम पसरट भांड्यात ४-५ सेंटिमीटर ओतून ८० अंशांच्या ओव्हनमध्ये १२ तास. ढवळायचं नाही, उकळू द्यायचं नाही. उकळी आली की वर धरलेली सोनेरी साय फुटते. मग न हलवता गार करून रात्रभर फ्रिजमध्ये, आणि सकाळी वरचा थर अलगद उचलायचा. खाली उरलेलं पातळ दूध पुढच्या स्कोनच्या पिठात जातं. यूएचटी (अतिउष्णतेने टिकाऊ केलेलं) क्रीम मात्र आणू नका, त्यावर नीट साय धरत नाही. ‘कॉर्निश क्लॉटेड क्रीम’ या संरक्षित नावासाठी किमान ५५ टक्के स्निग्धांश लागतो, यावरून जाडीची कल्पना यावी.

कोणता क्रम सोयीचा, ते स्कोनच्या तापमानावर ठरतं. स्कोन कोमट असेल तर कॉर्नवॉलची पद्धत बरी: जॅमचा थर मध्ये आल्याने साय लगेच वितळत नाही. पूर्ण गार असेल तर डेव्हनची: जाड साय लोण्यासारखी पसरते आणि जॅम तिच्या खळग्यात बसतो. गरम स्कोनवर साय लावली तर ती वितळून भेगांत उतरते, जॅमही पाठोपाठ घसरतो, आणि मग कोणता थर आधीचा हे स्टेनोलाही सांगता येणार नाही.

शेजारच्या वेल्सने तर कँब्रियन, ऑर्डोव्हिशियन आणि सिल्युरियन अशी कालखंडांची तीन नावं दिली. पहिलं वेल्सच्या लॅटिन नावावरून, उरलेली दोन तिथल्या प्राचीन जमातींवरून. तिथला चहाचा खाऊ म्हणजे जाड लोखंडी तव्यावरचे वेल्श केक. पाऊण सेंटिमीटरपेक्षा जाड लाटू नयेत, आच मंद, एका बाजूला तीनेक मिनिटं. तवा जास्त तापला तर मध्ये पीठ कच्चं आणि पृष्ठभागावरच्या मनुका काळ्या कुळकुळीत. दिसायला अगदी स्लेटच्या खडकातल्या ट्रायलोबाइट या प्राचीन समुद्री प्राण्यांच्या जीवाश्मांसारख्या, चवीलाही फार वेगळ्या नसाव्यात.